हरणाआत्याच्या गुडघ्याचं पेटंट

माझ्या लिहिण्यात चूक काढणारा माणूस कराडात अजून जन्मायचाय! कॉलेजात मशीन शिकवत केस पांढरे केलेत, उगीच नव्हे. गुडघेदुखीवरच्या माझ्या काकवीच्या पट्ट्याचा पेटंट अर्ज मी एका बैठकीत लिहून टाकला. रबरी पिशवीत कोमट काकवी भरायची, ती गुडघ्याला गुंडाळायची. काकवी लवकर निवत नाही, शेक बसत राहतो. साधं काम!

पण पेटंट ऑफिसनं शंका काढली. माझ्या अर्जाचं काम बघणाऱ्या सांगलीच्या पेटंट एजंट अक्षता मॅडम म्हणाल्या, "सर, अर्ज वाचून त्या धंद्यातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाला, तुम्हाला न विचारता, हा पट्टा करता आला पाहिजे. तसा पुरावा द्या, नाहीतर अर्ज गेला!"

"एवढंच? चला आटपाडीला!"

आटपाडीत शंभूराज नावाचा फिजिओथेरपिस्ट. पेशंट आमची हरणाआत्या. दोघांनी काखेत धरल्याशिवाय बाई उठत नव्हती. मॅडमनी मोबाईलवर शूटिंग सुरू केलं आणि मला दम भरला, "एक अक्षर बोललात तर पुरावा बाद!"

शंभूराजनं अर्ज वाचला, काकवी कोमट केली, पिशवीत भरली... आणि तशीच उघडी आत्याच्या गुडघ्याला गुंडाळली!

अहो, पिशवीचं तोंड आधी बांधायचं! हे काय लिहायचं असतं? आमच्याकडं गुऱ्हाळावरचं शेंबडं पोरगंसुद्धा काकवी भरली की तोंड आवळतं. पण आटपाडी पडली डाळिंबवाल्यांची!

मी डोळे वटारले. मुठी आवळून दाखवल्या. घशातून नुसतं 'हूं हूं' केलं.

"सर, संडास मागल्या अंगाला हाय," शंभूराज अदबीनं म्हणाला.

"आगं बया! आमच्या इश्वाला झटका आला की काय?" आत्या किंचाळली. "माझं ऱ्हाऊ द्या, आधी ह्याला बघा!"

तोवर काकवी आत्याच्या पोटरीवरून फरशीवर. आणि भिंतीच्या फटीतून मुंगळ्यांची रांग निघाली, जेवणाचं आवतण आल्यागत!

पहिला मुंगळा डसला आणि आत्या कॉटवरून उडाली! उंबरा, ओटा, अंगण ओलांडून थेट पाण्याच्या हौदात! मागं शंभूराज, त्याच्या मागं मोबाईल धरून मॅडम, आणि आत्या कुणाला सापडेल तर शपथ!

मला तर आनंदानं नाचावंसं वाटलं. "बघा, पळाली! लय भारी गुण आला माझ्या पट्ट्याचा!"

मॅडमना हसू आवरेना. "सर, पट्टा कॉटवरच पडलाय. आत्या पळाल्या त्या मुंगळ्यांमुळं. आणि तुमच्या अर्जात मुंगळ्यांचा एक शब्द नाही!"

हौदातून आत्याची हाक आली, "इश्वा, लय मोकळं वाटतंय रं! दुसऱ्या गुडघ्याला पट्टा नगं हां. नुसतं मुंगळंच सोड!"