भजीचं औषध आणि वासुदेवभाऊ

वासुदेवभाऊंना कोणी सांगितलं की म्हैस आजारी आहे, तर ते म्हशीकडे पाहत नाहीत. आधी तिचं शेण पाहतात. वाकून पाहतात, काडीनं उकलून पाहतात, आणि मग मान वर करून म्हणतात, "जनावर खोटं बोलते बाप्पा, शेण खोटं बोलत नाई."

भाऊंची सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांच्या हाताखाली गेली, त्यातली बरीचशी गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत. निवृत्त झाल्यावर गडचांदूरला आमच्या शेजारी राहायला आले. एकटेच. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. ते चहाला आले आणि मी चुकून म्हणालो, "भाऊ, दोन दिवस जरा बरं वाटत नाही," की त्यांचा पुढचा प्रश्न लिहिण्यासारखा नसतो. बायको पोह्यांच्या बशा घेऊन उभी असते, आणि भाऊ माझ्याकडून रंग, वेळ आणि घट्टपणा यांचा तपशील काढत असतात.

मी स्वतः सिमेंट कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. कोण कोणत्या पाळीला आला-गेला, ते लिहितो. वैद्यकशास्त्राचा अभ्यास जेवताना मोबाइलवर करतो. ऑफिसात सगळे मला 'डॉक्टर' म्हणतात. ती थट्टा आहे हे कळायला मला नऊ वर्षं लागली.

आमची रेवा शिकायला नागपूरला गेली आणि तिचा गिनीपिग मागे ठेवून गेली. दोन मुठींएवढा जीव, शेपूट नाही, रंग कांदाभजीचा. म्हणून नाव भजी. "बाबा, याची नीट काळजी घ्या," ती म्हणाली. मी म्हणालो, "उंदराची ती कसली काळजी?"

थंडीत एका सकाळी भजीनं कोथिंबिरीकडे पाठ फिरवली. नाक वाहत होतं, केस पिंजारलेले, श्वासाबरोबर बारीक खरखर. दुपारपर्यंत त्यानं गवताच्या काडीलाही तोंड लावलं नाही. रेवाचा फोन आला. मी सांगितलं, "मजेत आहे," आणि कपाट उघडलं.

कपाटात माझ्या दाढेच्या वेळच्या अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल उरल्या होत्या. डॉक्टरांनी पूर्ण घ्यायला सांगितलं होतं. दुखणं थांबल्यावर मी स्वतःच स्वतःला बरा ठरवलं होतं. एक फोडली, मधात कालवली. हिशेब सरळ होता: मी पंचाहत्तर किलो, भजी पाऊण किलो, म्हणजे शंभरावा हिस्सा. शंभरावा हिस्सा डोळ्यांना दिसेना, म्हणून दहावा घेतला. बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरला आणि भजीला मांडीवर धरलं.

तेवढ्यात बायकोनं बोलावलेले भाऊ दारात. "लेंड्या दाखव पहिले," म्हणत आत आले आणि सिरिंज पाहताच त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय देऊन राह्यला बे?"

"अँटिबायोटिक. सर्दी छातीत उतरलीय."

"कोणतं?"

मी ऐटीत नाव सांगितलं. भाऊंचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला.

"ठेव ते खाली. पेनिसिलिनच्या खानदानातलं हाय. तुले चालते, कुत्र्याले चालते, याले मारते."

"एवढ्याशा थेंबानं?"

"गजू, तू टाइम ऑफिसात हाय ना? याच्या पोटातबी कारखाना हाय. गवत पचवाले लाखो जंतू कामाले. हे औषध चांगले कामगार एका पाळीत साफ करते. मंग गेट उघडं पाहून गुंड जंतू शिरते. त्याईच्या विषानं जनावर चार-पाच दिवसात जाते, अन् लोक म्हणते, सर्दीनं गेलं."

मी सिरिंज स्टुलावर ठेवली. "मग दुसरं कोणतं देऊ?"

"ते मी नाई सांगत. मी डॉक्टर नाई. अन् तू तर बिलकुलच नाई."

हे वाक्य नऊ वर्षांत कोणीही मला तोंडावर सांगितलं नव्हतं.

खोक्यात गवत अंथरून भजीला ठेवलं, वर शाल पांघरली आणि आम्ही एसटीनं चंद्रपूर गाठलं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, वजन केलं, या जातीला चालणारं वेगळं अँटिबायोटिक दिलं, तेही वजनाप्रमाणे थेंब मोजून. म्हणाल्या, "औषध योग्य असलं तरी पोट चालू राहिलं पाहिजे. खाणं भरवा, क जीवनसत्त्व द्या, रोज वजन करा. लेंड्या कमी झाल्या किंवा पातळ झाल्या तर लगेच फोन."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या हयातभराच्या कामावर आज शिक्का बसला.

पुढचे दिवस आमच्या घरी एकच उद्योग. मी डाएटसाठी आणून दोनदा वापरलेला किचनचा वजनकाटा भजीच्या सेवेला लागला. गवताचा भिजवलेला चुरा दर दोन-अडीच तासांनी सिरिंजनं भरवायचा. मी ड्युटीवर असलो की भाऊ. ते पेपरवर लेंड्या मोजून मला ऑफिसात फोन करायचे. मी ओरडायचो, "एकोणतीस!" आणि बाकीचे विचारायचे, "किती आउट?"

सहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, भजीनं आपणहून कोथिंबिरीचं पान ओढलं आणि कुरकुर खाल्लं. मी नाचलो. भाऊ मात्र पायरीवर जाऊन बसले. पाहतो तर डोळे भरलेले.

"अहेरीकडं होतो," ते म्हणाले. "आश्रमशाळेतल्या एका पोरीचा ससा होता. सुमन नाव तिचं. सशाले जखम झालती. सायेब दौऱ्यावर. मी पेटीतलं हेच औषध पाजलं. चार दिवसात गेला. मंग सायेबांनी सांगितलं, औषधानंच गेला. अन् मी पोरीले सांगितलं, जखमेनं गेला."

"ती कुठे असते आता?"

"तिकडंच नर्स हाय. नंबर हाय मायाजवळ. सात वर्ष झाले, कदी लावला नाई."

मी म्हणालो, "लावा." ते नाही म्हणाले. मग मीच त्यांच्या हातातून फोन घेऊन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दुसऱ्यांच्या भानगडीत पडण्यात मी कधी मागे नसतो.

भाऊंनी सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न गाळता.

"सर, तो ससा आता मले धड आठवत नाई," सुमन म्हणाली. "तुमी हातपंपामागं बसून रडून राह्यले होते, ते आठवते. मी तुमच्यासाठी जेवणाचं ताट झाकून ठेवलं होतं. वाट पाह्यली. तुमी आलेच नाई."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आता आलो तर चालन, बाई?"