खळदकरांना काही दुखत नाही

आमच्या इमारतीतले खळदकर माणसाला नावापेक्षा वजनानं जास्त ओळखतात. मी त्यांच्या लेखी बहात्तर. मागे मला टायफॉइड झाला, तेव्हा अख्खी इमारत तब्येतीची चौकशी करून गेली. हे जिन्यात थांबले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "सदुसष्ट" म्हणाले आणि वर निघून गेले. घरी जाऊन काट्यावर उभा राहिलो, तर काटा सदुसष्टवर. असा राग आला होता म्हणून सांगू.

नारायण पेठेतली आमची इमारत तीन मजली, बिनलिफ्टची. दुसऱ्या मजल्यावर ते आणि मी समोरासमोर. मी बँकेतून निवृत्त झालेला. माझी बायको सोमवार ते शनिवार खराडीला मुलीकडे असते, नातवाला सांभाळायला. खळदकरांच्या वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही. सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली, पण ती पोटापुरती. खरं काम वजन उचलण्याचं. तरुणपणी राज्य पातळीपर्यंत गेलेले, आणि साठीला टेकले तरी गल्लीतल्या व्यायामशाळेत रोज सकाळी बार उचलणार आणि तिथल्या पोरांना शिकवणार.

"उचल स्वच्छ झाली पाहिजे," हे त्यांचं पालुपद. एकदा वाण्याच्या दुकानासमोर मी वाकून पिशवी उचलली, तर या गृहस्थांनी ती माझ्या हातातून काढून परत खाली ठेवली. गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून पुन्हा उचलायला लावली. वाणी गिऱ्हाइकं सोडून बघत बसला.

तर अशा माणसाच्या उजव्या कुल्ह्यात कळ सुरू झाली. तिथून निघून मांडीमागून थेट तळपायापर्यंत. बसलं की वाढायची, म्हणून यांनी बसणंच सोडलं. फ्रिजवर ताट ठेवून उभ्यानं जेवायचे, उभ्यानं पेपर वाचायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, जरा आखडलंय." हे 'जरा' आठ महिने चाललं.

पुढचं वर्षभर मी त्यांच्या फायली काखेत मारून दवाखान्यांत बसलो. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण समोर राहणारा माणूस जिना एकेक पायरी थांबत चढताना रोज दिसला की गप्प बसवत नाही. एका डॉक्टरांनी फोटो काढून मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं आणि पट्टा दिला. दुसऱ्यांनी कमरेला वजनं लावून ताण दिला. इथे खळदकरांनी किती किलो लावलेत ते विचारलं आणि एवढ्यानं काय होणार म्हणून हसले. रिक्षात ते डाव्या अंगावर कलंडून, वरचा दांडा धरून अर्धे लोंबकळत यायचे. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघायचा, जणू मीच त्यांना मारलंय.

तिसऱ्या डॉक्टरांनी सरळ मणक्याचं ऑपरेशन सुचवलं. त्यानंतर जड उचलणं कायमचं बंद, हेही सांगितलं. खळदकरांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी व्यायामशाळेच्या कपाटाची किल्ली एका पोराला देऊन टाकली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

पण डॉक्टरांना तरी किती बोल लावायचा? गोची यांच्यातच होती, आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली. प्रत्येक डॉक्टर त्यांना आडवं करून गुडघा दुमडायचा, पाय आत-बाहेर फिरवायचा आणि विचारायचा, दुखतंय का? कपाळावर घाम, जबडा आवळलेला, आणि हे म्हणायचे, "नाही." दहापैकी किती, विचारलं की "दोन." यांच्या दृष्टीनं समोर डॉक्टर नव्हताच, पंच होता. पंचासमोर तोंड वाकडं केलं की उचल बाद. त्यामुळे खुब्यात काही नाही असं प्रत्येकानं लिहिलं, आणि फोटोत मणका जरा झिजलेला दिसत होताच. या वयात कोणाचा नसतो?

ऑपरेशनच्या आधी एकदा व्यायामाचं बघून घ्यावं म्हणून मी त्यांना स्वारगेटजवळच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. बाई कसल्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. तिनंही पाय फिरवला, तिनंही विचारलं, आणि यांचं आपलं "दोन". वर्षभराचा शीण माझ्या डोक्यात गेला. मी म्हणालो, "अहो, धादांत खोटं आहे. हा माणूस दीड वर्ष उभ्यानं जेवतोय."

ती हसली नाही. तिनं मला पलीकडे उभं केलं आणि त्यांना माझा हात धरायला सांगितला. मग गुडघा हळूहळू छातीशी नेऊन आत वळवला. खळदकरांचा चेहरा मख्ख. पण माझी बोटं त्यांनी अशी आवळली, की मी "मेलो!" म्हणून ओरडलो. बाहेर बसलेले पेशंट उठून दारात आले.

"काका ओरडले," ती कागदावर लिहीत म्हणाली, "म्हणजे नऊ."

तिनं आपला अंदाज लिहून त्यांना खुब्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही तेच सांगितलं: कुल्ह्यातला एक खोल स्नायू आखडून पायाकडे जाणारी नस दाबतोय, मणक्याचा यात काही दोष नाही. ऑपरेशन रद्द झालं. परत येताना मी चिडून विचारलं, की एवढे महिने दुखतंय म्हणायला काय जात होतं? त्यांनी रिक्षाच्या दांड्याला धरून, बाहेर बघतच उत्तर दिलं.

"ही असताना विचारायची, दुखतंय का. मी नाही म्हणायचो. तरी ती तेल गरम करून आणायची. त्यामुळे हो म्हणायची वेळच आली नाही कधी."

माझी बोटं अजून ठणकत होती.

मग सुरू झाले व्यायाम. कुशीवर झोपायचं, वरचा पाय वीतभर उचलायचा, पंधरा मोजायचे. वजन शून्य. एकेकाळी दीडशे किलो उचललेला माणूस खिडक्या लावून हे करायचा, व्यायामशाळेतल्या पोरांनी बघू नये म्हणून. पाय उचलताना कुल्हा मागे कलतोय का, हे बघायला दुसरा माणूस लागतो, असं त्या मुलीनं बजावलं होतं. दुसरा माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. रोज सकाळी साडेसातला मी त्यांच्या कुल्ह्यावर हात ठेवून पंधरा मोजायचो आणि मनातल्या मनात माझ्या नशिबाला शिव्या घालायचो. नंतर ते चहा करायचे. चहा बरा करतात.

चार महिन्यांनी ते पाटावर बसून जेवले. सहाव्या महिन्यात नुसता रिकामा बार उचलला. आठव्यात त्या मुलीनं दुसऱ्या माणसाची आता गरज नाही, असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी पेपर उघडून बसलो. दोनदा तीच बातमी वाचली.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. परत सुरू झालंय, जमलं तर येऊन जा, म्हणाले. आठ तरी असेल, असंही म्हणाले. आणि अहो, पंधरा मिनिटांपूर्वीच मी जिन्याकडच्या खिडकीतून पाहिलं होतं: गॅसवाल्यानं खाली सोडलेलं भरलेलं सिलिंडर हे गृहस्थ खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजींकडे चढवत होते. न थांबता.

मी चप्पल घातली. दार उघडलं तेव्हा ते भिंतीला धरून उभे होते. माझ्या नजरेला नजर देत नव्हते. ओट्यावर चहाचं आधण ठेवलेलं होतं.

"आडवे व्हा," मी म्हणालो.

ते कुशीवर झोपले. मी कुल्ह्यावर हात ठेवून पंधरा मोजले. पाय सरळ वर गेला, सरळ खाली आला. कुल्हा तसूभर हलला नाही.

"कसं काय?" त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"अजून कलतोय," मी म्हणालो. "उद्या परत बघावं लागेल."