लोकरीची भेग

रेल्वेचे रूळ पायी तपासणाऱ्या मुकादमाच्या पत्राला दिवेकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. "फोटोत भेग दिसते, रुळावर सापडत नाही. दोष दिव्यांचा आहे का, तेवढं कळवा," एवढंच तर त्याने विचारलं होतं. पण तपासणीच्या डब्याखालचे दिवे काकांनीच बसवलेले. भरधाव गाडीतूनही कॅमेऱ्याला रूळ लख्ख दिसावा, म्हणून. दोष असलाच तर आपलाच, या खात्रीने त्यांनी पत्र खणात सरकवलं.

भेगही मोठी लहरी. गाडी उभी असली की गायब, वेग घेतला की हजर! काकांना वाटलं, उजेड कमी पडतोय. त्यांनी दिवे आणखी प्रखर केले. भेग आणखी ठसठशीत झाली.

शेवटी साहेबांनी बजावलं, "उद्याच्या फेरीत भेग दिसली, तर हे दिवे भंगारात."

संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. "काका, रूळ तुडवून पाय गेले. म्हटलं, डोळेही गेले असतील. चष्मा केला. तरी भेग दिसेना!"

"अहो, म्हणजे... तसं..."

"तोंडी नको. साहेब तोंडी ऐकत नाहीत. लेखी द्या."

काकांनी फोन ठेवला. पलीकडे बायको जुना स्वेटर उसवत बसली होती.

"अहो, याची एक बाही कुठाय?"

"दिव्यांच्या काचा पुसायला नेली. मऊ असते, ओरखडा उठत नाही."

"विचारायचं तरी!" तिने धागा ओढला. तो वळ्यावळ्यांनी सुटत आला. काका बघतच राहिले. फोटोतल्या भेगेला अगदी अश्शाच वळ्या होत्या.

सकाळी ते डब्याखाली आडवे झाले. दिव्याच्या स्क्रूत लोकरीचा धागा अडकला होता. एरवी बाजूला लोंबायचा. गाडी पळाली की वाऱ्याने दिव्यासमोर यायचा आणि रुळावर त्याची सावली पडायची. काकांनी तो उपटून खिशात ठेवला.

त्या फेरीत रूळ लख्ख! काकांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी तर पाठ थोपटली, "दिवे प्रखर केलेत ते बरं झालं."

काकांना गप्प राहणं जन्मभर जमलं होतं. पण मुकादमाचा चष्मा डोळ्यांपुढून हलेना. घरी येऊन त्यांनी लिहिलं, "भेग लोकरीची होती. चूक माझी. तुमचे डोळे उत्तम आहेत. पुरावा सोबत."

"तो पुरावा आणा इकडे," बायको म्हणाली. "आधीच बाही कमी आहे."

काकांनी निमूटपणे धागा दिला, शेवटचे दोन शब्द खोडले आणि पाकीट पेटीत टाकून आले.