चिकटला ते तुमचा

दिवाणखान्यात, टीव्हीच्या समोर, एक कमोड.

खिडकीच्या चौकटीला लागलेला नळ. पाणी कुठून यायचं हे नळालाही ठाऊक नाही.

सुमनताईंचे गुडघे.

'लीन' हा शब्द.

स्वतःच्याच घरात, पँटीतून बाहेर पडून उभा असलेला भूलतज्ज्ञ.

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे. आधी गुडघे.

सुमनताई म्हणजे शशिधरच्या सासूबाई. कार्डिफच्या हॉस्पिटलात त्यांनी उभ्याने नोकरी केली आणि गुडघे तिथेच ठेवून त्या लंडनमधल्या पिनरला लेकीकडे, देविकाकडे, राहायला आल्या. जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला एकेक देव आठवायच्या, आणि वरच्या बाथरूमपर्यंत पोचेतो देव संपायचे. म्हणून खाली बाथरूम बांधायला काढलं. टेरी नावाच्या बिल्डरने भिंती उभ्या केल्या, जमिनीवर ओलं सिमेंट पसरलं, कमोड, बेसिन, नळ असं सगळं दिवाणखान्यात आणून ठेवलं आणि "सोमवारी येतो" म्हणून गेला. मग त्याचा फोन लागेना.

"बाथरूम झालं तर राहीन," सुमनताई म्हणाल्या. "नाहीतर मी आपली कार्डिफला. तिथलं कमोड निदान माझ्या उंचीचं आहे."

देविकाचा चेहरा उतरला. आईला एकटीला परत पाठवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"काळजी करू नकोस," शशिधर म्हणाला. "बाथरूम माझ्यावर सोड."

शशिधर 'काळजी करू नका' म्हणाला की पेशंट एका मिनिटात बेशुद्ध होतो. देविका शुद्धीवर होती, म्हणून तिला काळजी वाटली.

शुक्रवारी फोन आला. बाथरूमचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून. उद्या सकाळी व्हॅन येईल, तुमच्याकडचा माल परत न्यायला, बाय. शशिधरने लगेच न्यू जर्सीतल्या चुलतभावाला, अनुपला, फोन लावला. पिनरमधल्या अडचणीवर न्यू जर्सीत उत्तर असतं अशी त्याची श्रद्धा होती.

"तुझ्या बिल्डरने सप्लायरला टोपी घातलीय," अनुप म्हणाला. "आता तो तुझ्या घरावर लीन लावणार."

"लीन?"

"हक्क रे, घरावर. पैसे मिळेपर्यंत उठत नाही. घर विकायला काढशील तर तो आधी दारात बसलेला."

सुमनताईंनी सोफ्यावरून तेवढंच ऐकलं. "लीन होणं चांगलंच की. पण शशिधरराव, ती व्हॅन आहे ना—"

"आई, तुम्ही आराम करा. मी आहे ना."

मग लिओराला फोन. लिओरा शेजारची, सॉलिसिटर. तिची आजी मुंबईची, मराठी बोलणारी ज्यू. आजीचं मराठी नातीकडे उतरलं होतं, शब्दांची लिंगं मात्र वाटेत सांडली होती.

"अंकल, लीन अमेरिकेत. इथे नाही. इथे सोपी आहे. घराला चिकटला ते तुमचा. सुटी असेल ते सप्लायरचा असू शकते."

"चिकटला ते माझा?"

"हो. पण आधी विचारा ना, व्हॅन कशाला येते. आणि मुद्दाम जाऊन चिकटवू—"

तोवर शशिधर गाडीत होता.

त्याने घरच्या घरी दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानातून असा गोंद आणला की नळकांड्यावरच्या चित्रात एक माणूस छताला उलटा चिकटलेला होता. बाथरूमचं सिमेंट अजून ओलं होतं. पण कायदा 'घराला' म्हणत होता. बाथरूमला असं कुठे म्हणत होता? कमोड जिथे होतं तिथेच, दिवाणखान्यातल्या लाकडी फरशीला लागलं. बेसिन पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या भिंतीला. टॉवेल अडकवायची दांडी जिन्याला. नळ खिडकीला.

देविका तिच्या दवाखान्यातून घरी आली आणि दारातच थांबली.

"शशी, हे काय आहे?"

"मालमत्ता."

"तू कमोडवर का बसलायस?"

"वाळेपर्यंत वजन ठेवायला सांगितलंय."

"शशिधरराव," सुमनताई म्हणाल्या, "तुम्ही बसलात ते ठीक आहे. मला कधी बसायला मिळणार? आणि मी मघापासून सांगतेय, ती व्हॅन—"

"येऊ दे व्हॅन," शशिधर म्हणाला आणि रुबाबात उठला. तो उठला. पँट उठली नाही. झाकणावरही गोंद सांडला होता.

पँटीची सुटका देविकाने कात्रीने केली. गोल तुकडा झाकणावरच राहिला, घराच्या मालकीचा.

सकाळी व्हॅन आली. ज्युलिएट नावाची धिप्पाड बाई उतरली. पाठोपाठ तिने ट्रॉलीवरून एक मोठं खोकं उतरवलं.

"मॉर्निंग, लव्ह. माल न्यायला आलेय."

"जे सुटं असेल ते खुशाल न्या," शशिधर दार सताड उघडून म्हणाला. "चिकटलेल्याला हात लावायचा नाही. टेरीने पैसे बुडवले तो तुमचा आणि त्याचा प्रश्न."

"टेरीने? तो तर ऑर्डर देतानाच पैसे देतो. फोन नदीत पडलाय त्याचा, मासे पकडताना." ज्युलिएटने आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मी कमोड बदलून द्यायला आलेय. बुटकं परत, उंच देणार. गुडघेवाल्यांसाठी असतं ना, ते. फुकट अदलाबदल. फक्त जुनं न बसवलेलं हवं."

शशिधर दारातून हळूच बाजूला झाला.

"यात सुटं काही दिसत नाही, लव्ह," ज्युलिएट म्हणाली आणि खोकं परत ट्रॉलीवर चढवू लागली.

"थांबा." शशिधरने खिशातून कार्ड काढलं. "उंच विकतच घेतो."

सोमवारी टेरी आला. उंच कमोड बाथरूममध्ये बसलं, सुमनताई त्यावर बसल्या आणि, मुख्य म्हणजे, उठल्याही. कार्डिफचं नाव निघालं नाही. बुटकं मात्र टेरीच्यानेही हलेना. फरशी उखडावी लागेल म्हणाला. आता त्यात मनीप्लँट आहे. पाहुणे बिचकून विचारतात, तेव्हा देविका म्हणते, "ते आमच्या घरात लीन झालंय."

बुटकं कमोड बदलून उंच द्या असा फोन त्या दुकानाला सुमनताईंनीच केला होता, त्या शुक्रवारच्या आदल्या मंगळवारी.