आर्नेचा हवापालट

"आठ दिवस! फक्त आठ दिवस माझ्या ताब्यात द्या. टोमॅटोगत लाल करून आणून उभा करतो!"

हुसेनभाई जमादारांनी ही घोषणा केली ती शनिवारी, १२ जानेवारी १९७४ रोजी, दुपारी साडेबाराला, कोल्हापूरच्या विद्यापीठात, आर्नेचे मार्गदर्शक गणपतराव सर यांच्या खोलीत. समोरच्या खुर्चीत आर्ने बसला होता. बसला होता म्हणजे घडी घालून ठेवला होता. सहा फूट दोन इंच उंचीचा, नॉर्वेहून सहकारी संस्थांचा अभ्यास करायला आलेला हा पोरगा हुसेनभाईंच्या माडीवर भाड्यानं राहत होता. नोव्हेंबरात त्याला कावीळ झाली. सहा आठवड्यांनी ती गेली, पण जाताना पोराला निम्मा घेऊन गेली.

आता त्याला शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं होतं. सोमवार, २१ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत "प्रकृती ठणठणीत" अशी डॉक्टरांच्या दाखल्याची तार आली तर ठीक. नाही तर परतीचं तिकीट! आणि डॉक्टरांच्या दोन अटी होत्या. वजन बासष्ट किलो भरलं पाहिजे, आणि अंगावर पिवळेपणाचा लवलेश दिसता कामा नये. आजचं वजन होतं एकोणसाठ.

"मला परत जायचे नाही," आर्ने पुस्तकातून शिकलेल्या मराठीत म्हणाला. "माझा प्रबंध अर्धवट आहे. शिवाय मेहमुदाचाचींच्या हातचे भोजन मी अद्याप नीट भक्षण केलेले नाही."

शाहूपुरीत हुसेनभाईंचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. विद्यापीठातला प्रत्येक प्रबंध त्यांच्या खळीखालून जायचा. इतक्या डॉक्टरांना पुठ्ठे घातल्यावर निम्मी डॉक्टरी आपल्याला येतेच, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले होते, हलकं खाणं, मोकळी हवा, थोडं चालणं. हुसेनभाईंनी त्याचं भाषांतर एका शब्दात केलं. गुऱ्हाळ!

रविवारी सकाळच्या एसटीनं दोघं गारगोटीच्या अलीकडच्या एका गावात उतरले. तिथं हुसेनभाईंचा जुना दोस्त पिराजी याचं गुऱ्हाळ जोरात चालू होतं. पिराजीनं आर्नेला खालपासून वरपर्यंत बघितलं. बराच वेळ लागला.

"भाई, ह्यो उभा हाय का शिडी लावलीया?"

"बारीक झालाय गड्या. तुझ्याकडं भरायला आणलाय."

"भरू की! काहील हाय, ऊस हाय, काय कमी हाय व्हय?"

पहिले तीन दिवस म्हणजे नुसता आनंद होता. आर्ने सकाळी उठून लोटाभर उसाचा रस प्यायचा, नदीकाठानं फिरायचा, डोंगरावर चढायचा, वाटेतल्या प्रत्येक म्हशीला नमस्कार करायचा आणि परत येऊन आणखी लोटाभर रस मागायचा. वाफाळता गूळ पिंपळाच्या पानावर घेऊन खायचा. गुळाची ढेप तोलायच्या काट्यावर पिराजी रोज संध्याकाळी त्याला उभा करायचा. मंगळवारी काटा म्हणाला, साठ! हुसेनभाईंनी एका हातानं मिशी पिळली. दुसऱ्या हातानंही पिळली असती, पण त्या हातात ऊस होता.

बुधवारी दुपारी पिराजीची आई आक्काताई हुपरीहून, लेकीकडून, परत आली. अंगणात आर्ने उन्हात डोकं पुसत बसला होता. केस पिवळे, भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या. आक्काताईच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आगं माझ्या आई! ह्येला कावीळ झालीया!"

"झालती, आक्काताई. गेली आता," हुसेनभाई म्हणाले.

"कुटं गेलीया? केसात चढलीया की! ह्येला कावीळ झाल्याली न्हाय, ह्यो सोताच कावीळ हाय!"

"त्यांच्याकडं सगळ्यांचे केस असलेच असतात."

"म्हंजे आख्खा मुलूख आजारी?" आक्काताईचे डोळे पाण्यानं भरले. "आन् तुमी असल्या लेकराला उनातान्हात फिरवताय? पिराजी, यल्लाप्पाला बोलीव!"

यल्लाप्पा म्हणजे पंचक्रोशीत कावीळ उतरवणारा माणूस. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस रोग्याच्या तळहातांवर चोळायचा, वर चुन्याची निवळी ओतायची आणि हात परातीत धुवायचे. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरू लागली असं समजायचं. आर्नेनं खुशीत हात पुढं केले आणि वही उघडून पिराजीच्या हातात दिली, टिपणं लिहायला. यल्लाप्पानं चोळलं, ओतलं, धुतलं. पाणी झालं पिवळंधमक!

"लई हाय," यल्लाप्पा म्हणाला. "सा दिस हात धुवावं लागत्याल. तेल, तिखट, मीठ बंद. मंगळवारपत्तूर वेस वलांडायची न्हाय."

मंगळवार! तारीख बावीस! तारेची मुदत तर सोमवारची! आणि त्या गडबडीत, उभ्या आयुष्यात केला नसेल असा शहाणपणा त्यांनी केला.

"अहो यल्लाप्पा, सालीचा रस आन् चुना एकत्र आला की पाणी पिवळं होणारच! त्यात कावीळ कुठनं आली? हे बघा, माझे हात धुवा! मी तर धडधाकट माणूस हाय न्हवं?"

त्यांनी बाह्या सारल्या आणि हात पुढं केला. यल्लाप्पानं शांतपणे चोळलं, ओतलं, धुतलं. पाणी पिवळं झालं.

"बघा!" हुसेनभाई विजयानं ओरडले. "झालं का न्हाय पिवळं?"

"झालं की," यल्लाप्पा म्हणाला. "तुमास्नीबी हाय."

पिराजी पोट धरून हसला. हसता हसता त्यानंही हात पुढं केला. पाणी पिवळं! पिराजीचं हसू जागच्या जागी विझलं. मग उकळत्या रसाच्या काहिलीपाशी उभा असलेला, गूळ उतरवणारा गुळव्या केरबा आला. पिवळं! मोळी टाकून ऊसतोडे आले. पिवळं, पिवळं, पिवळं! दिवस मावळेपर्यंत त्रेचाळीस लोकांचे हात धुतले गेले आणि त्रेचाळीस जणांना कावीळ निघाली. यल्लाप्पाचे हात तेवढे कुणी धुतले नाहीत. त्याला वेळच नव्हता.

गावात हाहाकार उडाला. शुक्रवारी सरुबाईच्या घरी नातवाच्या जावळाचं मटणाचं जेवण ठरलं होतं, ते रद्द झालं. दोन बकऱ्यांना जीवदान मिळालं. सगळ्या गावानं बिनमिठाचा भात खाल्ला आणि खाताना सगळ्या गावानं हुसेनभाईंकडं बघितलं.

"चांगला चाललावता गाव," सरुबाई त्यांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणाली. "कोल्लापुरास्नं साथ घिऊन आलं पावणं!"

"अहो, मी कुठली साथ आणतोय?"

"गप बसा! रोग्यानं लई बोलू न्हाई!"

काविळीवर उसाचा रस उत्तम, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तेव्हा गुऱ्हाळातला रस काहिलीत न जाता सरळ लोट्यांत जाऊ लागला. गुरुवारी गूळ झाला नाही. शुक्रवारी झाला नाही. त्रेचाळीस रोगी काहिलीखालच्या चुलवाणाभोवती उन्हात बसून रस पीत होते आणि गप्पा मारत होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ढोलकी आणली. तिसऱ्या दिवशी केरबानं लावणी म्हटली. आर्ने मधोमध बसून टाळ्या पिटत होता आणि मोकळा झालेला प्रत्येक लोटा भरून घेत होता. "ही फार उत्कृष्ट साथ आहे," असं त्यानं वहीत लिहून ठेवलं.

फक्त हुसेनभाई सुतकात होते. त्यांना रसही जाईना, भातही जाईना. रात्रंदिवस डोळ्यांसमोर एकच, सोमवार पाच वाजता!

सोमवारी पहाटे साडेसहाच्या एसटीसमोर आक्काताई आडवी उभी राहिली.

"सोडनार न्हाय! अजून दोन दिसाचं हात धुवायचं ऱ्हायल्यात!"

"आक्काताई, आज न्हाय पोचलो तर पोराला त्याच्या मुलकाला घालवतील! शिक्षण मोडंल त्याचं!"

आक्काताई विरघळली, पण यल्लाप्पा नाही. बराच घोळ झाल्यावर तडजोड निघाली. राहिलेल्या दोन दिवसांचं चोळणं आत्ताच, एकदम, दुप्पट रसात! कंडक्टर घंटी मारत राहिला आणि एसटीच्या पायरीवर बसवून दोघांचे हात कोपरापर्यंत चोळले गेले.

अकरा वाजता डॉक्टरांच्या काट्यावर आर्ने चढला. साडेत्रेसष्ट! सोबत आलेल्या गणपतराव सरांनी टेबलावर मूठ आपटली. डॉक्टरांनी दाखल्याचा कागद ओढला, पेन उघडलं, अभिनंदनासाठी हात पुढं केला. आर्नेनंही आपला हात पुढं केला. डॉक्टरांचा हात वाटेतच थांबला.

आर्नेचा तळहात हळद कुटल्यासारखा पिवळा होता.

"हे काय?"

"ते कावीळ न्हाय, साहेब! सालीचा रंग हाय तो! हे बघा, माझे पण तसलेच हायत!" हुसेनभाईंनी दोन्ही पंजे डॉक्टरांच्या नाकासमोर नाचवले.

डॉक्टर खुर्चीसकट मागं सरकले. "दोघांचं रक्त घ्या!"

पुढचे पाच तास हुसेनभाईंनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काढले. साबण, लिंबू, राख, सगळं करून झालं. रंग हलेना. चार वाजले. सव्वाचार झाले. चार वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर दोन कागद घेऊन बाहेर आले आणि पहिला आर्नेच्या हातात दिला.

"रक्त स्वच्छ. ठणठणीत आहात. राहा आता कोल्हापुरात!"

चार पस्तीसला तार गेली. तारऑफिसाच्या दारात आर्नेनं हुसेनभाईंना उचलून गरागरा फिरवलं. "चाचा, मी आपला आजन्म ऋणी आहे!" हुसेनभाई हसले, पण चक्कर फिरवल्यामुळं आली की आधीचीच होती, हे त्यांना नक्की सांगता येईना. डॉक्टरांचा दुसरा कागद त्यांनी घडी घालून आतल्या खिशात कोंबला होता.

घरी मेहमुदा दारातच उभी होती. आर्नेचे गुबगुबीत गाल बघून तिनं त्याची दृष्ट काढली. मग नवऱ्याकडं बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

"आनि तुमचं हो? तुमचं बी रक्त घेतलं म्हणं. काय म्हणाले डॉक्टर?"

हुसेनभाईंनी चपला काढल्या, टोपी खुंटीला अडकवली, आर्नेच्या नजरेला नजर न देता अंथरुणावर अंग टाकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"यल्लाप्पा म्हणालता, तेच."