मोजल्याशिवाय मशीन नाही

आमच्या सानगडीत झाडाची फांदी कापायची म्हणजे घरातल्या सगळ्यांना आधी हजेरी द्यावी लागते. हजेरी इंदूबाई घेतात, कारण लाकूड कापायची मशीन त्यांची आहे.

इंदूबाई म्हणजे गावच्या अंगणवाडीच्या जुन्या बाई. मी त्यांच्याच समोर मांडी घालून गाणी शिकलो. निवृत्त झाल्यावर बाईंनी भंडाऱ्याहून ही पेट्रोलवर चालणारी चेनसॉ आणली. कामाला निघताना त्या गेलेल्या नवऱ्याची जाड पँट चढवतात, कारण साडीचा पदर मशीनमध्ये कधी अडकेल नेम नाही. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना जाड चष्मा. मग अंगणात चुन्याची रेघ ओढतात आणि तिच्यामागं सगळ्यांना बसवतात.

"मोजल्याशिवाय मशीन नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा शेजाऱ्यांचा जावई न्हाणीत होता. त्याची आंघोळ होईस्तोवर बाई मशीन जमिनीवर ठेवून शांत बसून राहिल्या. कोणी वरची फांदी दाखवली, तर म्हणतात, "मशीन घेऊन झाडावर चढाले मी वांदर आहो का? खांद्याच्या वर मी मशीन नेत नाही."

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कडुनिंबाची एक जाड फांदी बुडापासून वाकून गोठ्याच्या छपरावरच्या कवेलूंवर टेकू लागली. बाई आल्या, रेघ ओढली. माझे वडील कुरकुरले, "या वयात मले काहून बसवून राहिली व?"

"बापू, बोट ओठावर."

बापूंनी खरंच बोट ओठावर ठेवलं.

बाईंनी आधी फांदीला खालून थोडा काप दिला, म्हणजे पडताना साल ओरबाडत नाही. मग वरून कापायला घेतली. तेवढ्यात आमची बकरी दावं सोडवून फांदीखाली पळाली आणि तिच्यामागं बापू उठले. बाईंनी त्याच क्षणी मशीन बंद केली.

"बापू, खाली बस." आवाज चढवला नव्हता. बापू होते तिथंच मटकन बसले. बकरी पुढं निघून गेली आणि अर्धी कापलेली फांदी करकरत त्यांच्यापासून चार हातांवर आदळली.

बापूंच्या खांद्यावर बाईंनी हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. "भेलास का?" त्यांनी विचारलं. बापूंनी मान डोलावली.

मग फांदी घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड लावून बाईंनी तिचे तुकडे केले. मजुरीऐवजी बुडाकडचे वीतभर उंचीचे दोन ओंडके मागितले. मी ते सायकलवरून त्यांच्या घरी पोचवले.

त्यांच्या अंगणात जांभळीच्या सावलीत तसेच ओंडके गोल मांडलेले होते. कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"बाई, हे कोणासाठी?"

"अंगणवाडी इथं जवळ होती, तवा लेकरं येत होती खेळाले. आता नवी इमारत रस्त्यापलीकडं झाली. गाड्या किती जातात, कोण धाडते लेकराले एकटं?" नव्या ओंडक्यांना जागेवर सरकवत त्या म्हणाल्या, "पण एखादं आलंच, तं त्याले बसाले पाहिजे ना."

मी सायकल वळवली.

"तुले घाई आहे का रे, गजू?"

"नाही बाई."

मी एका ओंडक्यावर बसलो. गुडघे पार हनुवटीला लागले. बाई चहा करायला आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. दुसरा कप शोधायला त्यांना बराच वेळ लागला.