अंगठ्याचं दहावं उद्घाटन

हिवरपिंप्रीच्या सरकारी दवाखान्यात निळ्या दिव्याचं यंत्र येऊन पंधरा दिवस झाले होते आणि अप्पारावांच्या डाव्या पायाचा अंगठा चिघळून तीन महिने. दोघांची अजून गाठ पडली नव्हती, कारण यंत्राचं उद्घाटन व्हायचं होतं.

अप्पाराव एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. अंगठ्यासाठी त्यांनी दुकानातून मिळतील तेवढ्या गोळ्या खाल्ल्या होत्या. बरं वाटलं की बंद, ठणकलं की चालू. शेवटी डॉक्टर कनिका म्हणाल्या, "काका, या जखमेतले जंतू आता कुठल्याच औषधाला भीक घालत नाहीत. अंधारात हा दिवा धरला की ते लाल चमकतात, आणि याच्याच निळ्या उजेडात मरतात. रोज वीस मिनिटं, दहा दिवस. नाहीतर अंगठा काढावा लागेल."

"मंग लावा की जल्दी! तीस साल याच पायावर उभा राह्यलो मी."

"उद्घाटनाआधी लावता येत नाही, काका."

अधीक्षक बद्रीनाथ यांनी धावपळ करून आमदारसाहेबांची तारीख मिळवली. साहेब आले. खोलीत अंधार केला, अप्पारावांचा अंगठा उशीवर मांडला, साहेबांनी बटण दाबलं आणि अंगठा लालभडक चमकला. टाळ्याच टाळ्या! गावोगाव ट्रॅक्टर न पाठवता साहेबांच्या कार्यक्रमाला एवढी गर्दी पहिल्यांदाच जमली होती.

घात केला तो शालीनं. दवाखान्याकडं सत्काराची शाल एकच, अकरा वर्षांची. पाहुण्याच्या खांद्यावर चढायची, फोटो व्हायचा, आणि पाहुणा गाडीत बसायच्या आत कपाटात परत. ती धुवायची तरतूद कुठल्याच नियमात नव्हती. साहेब कौतुकानं अंगठा बघायला वाकले आणि दिव्याचा झोत बरोबर शालीवर पडला.

"अगं बया!" सिस्टर दैवशाला ओरडल्या. शाल या काठापासून त्या काठापर्यंत पेटल्यासारखी लाल. अंगठा तिच्यापुढं काहीच नव्हता. साहेब शाल फेकून, खांदे झटकत, भाषण न करताच निघून गेले.

मग चौकशी समिती बसली. तिघे सदस्य, आणि तिघांचाही त्याच शालीनं सत्कार झालेला. अहवालात त्यांनी नमूद केलं : "यंत्र प्राप्त होण्यापूर्वी अकरा वर्षांत सदर रुग्णालयात एकही जंतू निदर्शनास आलेला नाही. यंत्र सुरू होताच असंख्य जंतू आढळून आले. सबब, जंतू यंत्रामुळे निर्माण होतात." पाठोपाठ आदेश आला : यंत्र सीलबंद करावे. वापर करणे अपरिहार्य असल्यास तो केवळ जंतुमुक्त असल्याचा दाखला सादर करणाऱ्या रुग्णांवरच करावा.

"आन् तो दाखला कोण देतं?" अप्पारावांनी विचारलं.

"यंत्र," बद्रीनाथ गंभीरपणे म्हणाले.

त्या दिवशी अप्पाराव खरोखर घाबरले. बायको द्वारकाबाई पायाशी बसून म्हणाली, "अंगठा गेल्यावर चप्पल तरी ऱ्हाईल का हो पायात?"

इकडं कनिकाबाईंनी तो आदेश तीनदा वाचला आणि तडक अधीक्षकांची खोली गाठली. "सर, वापराला बंदी आहे. उद्घाटनाला नाही. आणि आपलं उद्घाटन तर अर्धवटच राहिलंय. भाषणच झालं नाही."

बद्रीनाथांचा चेहरा पडला. जखम राहिली तर राहिली, पण उद्घाटन अर्धवट? उद्या वर काय तोंड दाखवायचं? "ताबडतोब पुन्हा घ्या!"

दुसऱ्या दिवशी माजी सभापती आले. बटण दाबलं, अंगठा उजेडात ठेवला आणि ते बोलायला उभे राहिले. उद्घाटक बोलत असताना यंत्र बंद करणं शिष्टाचारात बसत नव्हतं. ते बावीस मिनिटं बोलले. कनिकाबाई घड्याळ बघून हसल्या.

पुढं रोज उद्घाटन. कधी पूरक, कधी विस्तारित, कधी महिला मंडळाच्या हस्ते. पाहुणा निवडायची कसोटी एकच : तोंड किती वेळ चालतं. सहाव्या दिवशी मात्र एक मितभाषी गुरुजी आले आणि दोन मिनिटांत "जय हिंद" म्हणून खाली बसले. अप्पाराव पाय न हलवता बोंबलले, "गुरुजी, बसता काय! जिल्ह्याचा इतिहास राह्यला! लहानपण सांगा! गुरुजी, माझा अंगठा चाललाय!" मराठी व्याख्यानांच्या परंपरेत भाषण वाढवा म्हणून श्रोता रडकुंडीला आल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. गुरुजींनी भांबावून तेविसाचा पाढा म्हटला, मग चोविसाचा, मग पंचविसाचा. मग मागं वळून दोनापासून बाविसापर्यंतचे राहिलेलेही म्हणून झाले, तेव्हा कुठं वीस मिनिटं भरली.

दहाव्या उद्घाटनानंतर अंगठ्यावर गुलाबी कातडी धरली. द्वारकाबाईनं हळूच दाबून पाहिलं. "दुखतंय का?"

"बिलकुल न्हाई," म्हणत अप्पाराव लहान मुलासारखे रडले.

ही बातमी पंचक्रोशीत पसरली. आता दवाखान्याच्या व्हरांड्यात जखमा घेऊन सतरा माणसं बसली आहेत. सगळ्यात पुढं प्रेमबाई आहेत, कोपराच्या जखमेपायी त्यांचा हातच हातचा जायची वेळ आली आहे. पण तालुक्यातले उद्घाटक संपले! म्हणून कनिकाबाईंनी बाहेरच्यांची यादी केली आहे : ज्या विषयातलं काही कळत नाही त्यावर वीस मिनिटं सहज बोलू शकतील, अशी सुशिक्षित, वाचणारी माणसं.

त्यात तुमचंही नाव आहे. फोन येईल तेव्हा प्रेमबाईंच्या हाताला किती दिवस उरलेत, हे तुम्ही विचारणार नाही, आम्हाला ठाऊक आहे. निमंत्रणपत्रिकेत आपलं नाव कितवं, एवढंच विचाराल. पहिलंच छापलंय. या लवकर.